यकृत-पर्णकृमीचा प्रसार : यवतमाळच्या पाणवठ्यांच्या अनुषंगाने

पशुरोगांचा इतिहास बहुधा साथींचा इतिहास म्हणून लिहिला जातो. बुळकांडी, घटसर्प, फऱ्या हे रोग थोड्या दिवसांत गोठे रिकामे करीत. म्हणून सरकारी दप्तरांत त्यांच्या नोंदी झाल्या आणि लोकांच्या स्मरणातही ते राहिले. याउलट जो रोग जनावराला ठार न करता महिनोन्‌महिने झिजवितो, त्याला इतिहासात सहसा स्थान मिळत नाही. यकृत-पर्णकृमीचा रोग हा या दुसऱ्या प्रकारचा होय. जबड्याखाली सूज, रक्तक्षय, दुधातील घट आणि नांगराला न टिकणारा बैल ही त्याची लक्षणे उपासमारीची म्हणूनही सहज खपून जातात. यवतमाळसारख्या बैलांच्या बळावर शेती उभ्या राहिलेल्या जिल्ह्याच्या दृष्टीने या रोगाचा विचार मुख्यतः पाण्याच्या इतिहासाशी जोडूनच करावा लागतो.

या कृमीचा उल्लेख युरोपात फार जुना आहे. फ्रान्समधील झाँ द ब्री याने 1379 मध्ये मेंढपाळीवरील आपल्या ग्रंथात त्याची नोंद केली. तथापि रोग पसरतो कसा, हे पुढे पाच शतके उलगडले नाही. 1879-80 च्या अतिवृष्टीच्या काळात इंग्लंडात सुमारे तीस लाख मेंढ्या या रोगाने दगावल्या. त्यानंतर 1881 ते 1883 या काळात जर्मनीत लॉइकार्ट व इंग्लंडात टॉमस यांनी स्वतंत्रपणे या कृमीचे जीवनचक्र उलगडून दाखविले. जनावराच्या शेणातून पडलेली अंडी पाण्यात उबतात. त्यांतील डिंभ विशिष्ट जातीच्या गोगलगायीत शिरून वाढतो. काही आठवड्यांनी बाहेर पडून पाण्यालगतच्या गवतावर कोषरूपाने चिकटतो व चाऱ्याबरोबर पुन्हा पोटात जातो. गोगलगाय नसेल तर साखळी तुटते, हा या शोधाचा इत्यर्थ होय.

हा सिद्धान्त भारताला लागू पडतो, परंतु त्याचा तपशील येथे बदलतो. युरोपातील रोग ‘फॅसिओला हेपॅटिका’ या जातीमुळे होतो व तिची गोगलगाय ओलसर कुरणात राहते. भारताच्या मैदानी प्रदेशात मात्र आढळते ती ‘फॅसिओला जायगँटिका’. 1855 मध्ये कोबोल्ड याने जिराफाच्या शरीरातील नमुन्यांवरून तिचे वर्णन केले होते. तिला आश्रय देणारी ‘लिम्निया’ वंशातील गोगलगाय प्रत्यक्ष पाण्यात राहणारी आहे. त्यामुळे येथील रोग कुरणाचा नसून पाणवठ्याचा आहे. पावसाळ्यानंतर तळे आटू लागले की काठचे कोषयुक्त गवत उघडे पडते आणि इतरत्र चारा वाळलेला असल्यामुळे गुरे नेमकी तेथेच चरतात. कुरणातील पाण्याचा निचरा करावा, हा युरोपीय उपाय म्हणूनच येथे अपुरा ठरतो.

या दिशेने मुंबई इलाख्यात संशोधन लवकर सुरू झाले होते. 1918 मध्ये लिस्टन व सोपारकर यांनी गुरांच्या रक्तातील एका पर्णकृमीचे जीवनचक्र प्रसिद्ध केले आणि त्याचाही मध्यस्थ गोड्या पाण्यातील गोगलगायच असल्याचे दाखविले. 1935 मध्ये भालेराव यांनी भारतातील पाळीव जनावरांच्या कृमींवर ग्रंथ सिद्ध केला.

1905 पर्यंत ‘वणी’ या नावाने ओळखला जाणारा यवतमाळ जिल्हा वर्धा व पैनगंगा या नद्यांच्या मध्ये वसलेला आहे. येथील बहुतेक ओढेनाले उन्हाळ्यात कोरडे पडत. पाण्यातील गोगलगायीला बारमाही आश्रय देणाऱ्या जागा त्यामुळे मर्यादित होत्या. 1960 नंतरच्या दशकांत पूस, अरुणावती, बेंबळा आणि पैनगंगेवरील इसापूर येथील धरणांनी ही स्थिती पालटली. कालवे, पाझराची डबकी व जलाशयाचे ओसरते काठ यांमुळे ओल टिकून राहिली. सिंचनाने कोरडवाहू शेतकऱ्याला आधार दिला हे निर्विवाद. परंतु गोगलगायीला जे अनुकूल, ते त्याच पाण्याने निर्माण केले, हेही विसरून चालणार नाही.

माणसाला हा रोग पाणवनस्पती कच्च्या खाल्ल्याने किंवा दूषित पाण्याने होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार सत्तरांहून अधिक देशांत किमान चोवीस लाख लोक बाधित आहेत. भारतात मानवी रुग्णांची नोंद तुरळक आहे. भाजी शिजवून खाण्याची रीत हे त्याचे एक कारण असावे. दुसरे कारण निदानपद्धतीत आहे : संसर्गानंतर तीन-चार महिने विष्ठेत अंडी सापडत नाहीत, आणि पुढील लक्षणे पित्तमार्गाच्या इतर विकारांसारखीच भासतात. तुरळक नोंद म्हणजे रोगाचा अभाव असे मानणे किती धोक्याचे, हे रत्नागिरी जिल्ह्यातील गिमवीच्या उदाहरणावरून दिसते. मूत्रमार्गाला बाधा करणाऱ्या रक्त-पर्णकृमीचे स्थानिक केंद्र भारतात नाही असा समज रूढ असताना, 1952 मध्ये गाडगीळ व शहा यांनी या एका गावात ते दाखवून दिले. शोधणारे तेथे पोहोचले, म्हणून रोग दिसला.

नारूच्या निर्मूलनाशी तुलना केल्यास या प्रश्नाचे वेगळेपण ध्यानी येते. पाणी गाळून पिणे, विहिरी सुधारणे व रुग्णांवर लक्ष ठेवणे यांमुळे 2000 मध्ये भारत नारूमुक्त घोषित झाला; कारण येथे त्या कृमीचा आश्रय प्रामुख्याने माणूसच होता. यकृत-पर्णकृमीचा मुख्य साठा गुरांत आहे. केवळ माणसावर उपचार करून तो संपणार नाही, आणि गुरांना औषध पाजून त्याच काठावर पुन्हा चरावयास सोडल्यासही संपणार नाही. पशुवैद्यकीय दवाखाना, रुग्णालय व पाटबंधारे खाते यांची दप्तरे आजवर स्वतंत्रपणे वाचली गेली. पाणवठा मात्र एकच आहे. आणि जिल्ह्याच्या रोगेतिहासाच्या अभ्यासकाने आरंभ तेथूनच करणे इष्ट होय.