प्रेमाचा अभाव हा गुन्हा कसा ठरला? एका इंग्रजी शब्दाच्या अर्थच्छटांचा इतिहास

१/
‘अफेक्शन’ म्हणजे जिव्हाळा, माया, प्रीती. शाळेतला मुलगाही हा शब्द जाणतो. त्याला ‘डिस’ हा उपसर्ग लावला की ‘डिसअफेक्शन’ होते. या एका शब्दाचा नेमका अर्थ काय, यावर लोकमान्य टिळकांचा तुरुंगवास अवलंबून होता. आजचा थ्रेड त्या शब्दाविषयी.

२/
भारतीय दंडसंहिता १८६० साली संमत झाली, तेव्हा तीत राजद्रोहाचे कलम नव्हते. मेकॉलेच्या १८३७ च्या मसुद्यात ते होते. अंतिम संहितेतून मात्र गळले. १८७० साली जेम्स फिट्झजेम्स स्टीफन यांच्या पुढाकाराने ते कलम १२४-अ म्हणून आले.

३/
गंमत अशी की, आपण ज्याला राजद्रोहाचे कलम म्हणतो, त्याच्या मूळ मजकुरात ‘सिडिशन’ हा शब्दच नव्हता. गुन्हा होता सरकारविषयी ‘डिसअफेक्शन’ची भावना चेतवणे. मराठी कायदेभाषेने त्यासाठी ‘अप्रीती’ हा प्रतिशब्द घेतला. ‘राजद्रोह’ म्हटले की विश्वासघात डोळ्यांपुढे येतो. ‘अप्रीती’ म्हटले की केवळ मनाची अवस्था. शिक्षा मात्र जन्मठेप काळ्या पाण्यापर्यंतची.

४/
याच कलमाच्या स्पष्टीकरणात दुसरा एक शब्द होता: ‘डिसअ‍ॅप्रोबेशन’, म्हणजे नापसंती. सरकारच्या धोरणाविषयी नापसंती व्यक्त करणे हा गुन्हा नव्हता. अट एवढीच की, कायदेशीर सत्तेची आज्ञा पाळण्याची वृत्ती शाबूत असावी. नापसंती क्षम्य, अप्रीती दंडनीय. पण या दोहोंमधली रेषा काढणार कोण?

५/
पहिला प्रसंग कलकत्त्याचा, १८९१ चा. संमतिवयाच्या कायद्यावर कडाडून टीका करणाऱ्या ‘बंगबासी’ पत्रावर खटला झाला. सरन्यायाधीश पेथेरम यांनी ज्यूरीला सांगितले की, डिसअफेक्शन म्हणजे प्रीतीच्या विरुद्ध भावना, अर्थात तिटकारा किंवा द्वेष. ज्यूरीचे एकमत झाले नाही आणि माफीनाम्यानंतर प्रकरण मिटले. व्याख्या मात्र उरली.

६/
आता १८९७. पुण्यात प्लेग आणि प्लेगबंदोबस्ताची जाचक घरझडती. १५ जूनच्या ‘केसरी’त ‘शिवाजीचे उद्गार’ हे काव्य आणि शिवाजी उत्सवातील भाषणांचा वृत्तान्त छापून आला. त्यात अफजलखानाच्या वधाची चर्चा होती. २२ जूनच्या रात्री रँडवर गोळी झाडली गेली. सुमारे महिन्याभराने, २७ जुलै रोजी, टिळकांना अटक झाली. आरोप हत्येचा नव्हता. आरोप होता अप्रीती चेतवल्याचा.

७/
मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती स्ट्रेची यांच्यापुढे खटला चालला. टिळकांचे बॅरिस्टर प्यू यांचा भर त्या स्पष्टीकरणावर होता: आज्ञापालनाची वृत्ती ढळवण्याचा, बळाने प्रतिकार करण्यास चिथावण्याचा हेतू असेल तरच डिसअफेक्शन. म्हणजे बचावपक्षाच्या दृष्टीने हा शब्द कृतीच्या जवळचा होता.

८/
स्ट्रेची यांनी ज्यूरीला दिलेला अर्थ वेगळा होता. डिसअफेक्शन म्हणजे केवळ प्रीतीचा अभाव, असे सांगून त्यांनी त्यात द्वेष, वैर, नावड, तुच्छता, सरकारविषयीची प्रत्येक प्रकारची दुर्भावना समाविष्ट केली. बंड झाले की नाही, हिंसा घडली की नाही, हा प्रश्नच गौण ठरला.

९/
येथे क्षणभर थांबावे. अभाव आणि विरोध या दोन भिन्न गोष्टी आहेत. एखाद्याविषयी माया नसणे म्हणजे त्याचे वैर करणे नव्हे. मधे उदासीनतेचा विस्तीर्ण प्रदेश आहे. आपली व्याकरणपरंपरा ‘नञ्’ या नकाराचे अनेक अर्थ मानते: ‘अधर्म’ म्हणजे नुसता धर्माचा अभाव नव्हे, धर्माच्या विरुद्ध आचरण. ‘अप्रीती’तला ‘अ’ यांपैकी कोणता? न्यायालयात ही दोन टोके एकत्र बांधली गेली.

१०/
ज्यूरीत सहा युरोपीय आणि तीन भारतीय. निकाल सहा विरुद्ध तीन मतांनी विरोधात. अठरा महिने सक्तमजुरी. प्रिव्ही कौन्सिलकडे दाद मागताना टिळकांचे वकील होते एच. एच. आस्क्विथ. अपिलाची परवानगीच नाकारली गेली. हेच आस्क्विथ १९०८ साली ब्रिटनचे पंतप्रधान झाले, आणि त्याच वर्षी टिळकांना पुन्हा शिक्षा झाली.

११/
दरम्यान १८९८ साली सरकारने कलमच बदलले. ‘द्वेष किंवा तुच्छता’ हे शब्द मूळ मजकुरात आले. डिसअफेक्शनमध्ये बेइमानी आणि वैराच्या सर्व भावना येतात, असे स्पष्टीकरण जोडले गेले. ज्या ‘आज्ञापालनाच्या वृत्ती’चा आधार प्यू यांनी घेतला होता, ते शब्द मात्र वगळले. न्यायाधीशाने लावलेला अर्थ आता कायद्याचा शब्द झाला.

१२/
१९०८ च्या खटल्यात टिळकांनी स्वतःच आपली बाजू मांडली. त्यांचे भाषण एकूण एकवीस तासांहून अधिक चालले. ‘केसरी’तील मराठी लेखांचे सरकारी इंग्रजी भाषांतर सदोष आहे, हा त्यातील एक प्रमुख मुद्दा. मराठी न जाणणाऱ्या ज्यूररांपुढे मूळ लेख नव्हता, भाषांतर होते. आणि भाषांतरात शब्द थोडा उग्र झाला की लेखकाचा हेतूही उग्र दिसू लागतो. निकाल सात विरुद्ध दोन. सहा वर्षे मंडाले.

१३/
१८ मार्च १९२२, अहमदाबाद. याच कलमाखाली उभ्या असलेल्या गांधीजींनी गुन्हा कबूल केला आणि शब्दाच्या मुळावरच बोट ठेवले: प्रीती कायद्याने निर्माण करता येत नाही, एखाद्या व्यवस्थेविषयी ती नसेल तर, हिंसेला चिथावणी न देता, तसे सांगण्याची मोकळीक माणसाला हवी. न्यायाधीश ब्रूमफील्ड यांनी शिक्षा ठरवताना टिळकांच्या खटल्याचाच दाखला दिला. सहा वर्षे.

१४/
१ जुलै २०२४ पासून जुन्या दंडसंहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली. तिच्या कलम १५२ मध्ये ‘डिसअफेक्शन’ नाही. सशस्त्र बंड, फुटीरता अशा शब्दांनी ती जागा भरली आहे. ‘डिसअ‍ॅप्रोबेशन’ मात्र स्पष्टीकरणात अद्याप टिकून आहे. नव्या शब्दांच्या सीमारेषाही न्यायालयांतच आखल्या जातील.

१५/
समानार्थी शब्दांचा तक्ता आपण परीक्षेपुरता पाठ करतो. पण नावड, नापसंती, अप्रीती, द्वेष, द्रोह हे शब्द एका ओळीत मांडून पाहा. पहिल्या शब्दापाशी माणूस आपल्या घरी असतो, शेवटच्या शब्दापाशी मंडालेच्या तुरुंगात. त्याने लिहिलेला मजकूर दोन्ही ठिकाणी तोच असू शकतो. म्हणून जुना खटला वाचताना निकालाआधी व्याख्या वाचावी.

(समाप्त)