स्पर्धेची तारीख आणि तिसरी घंटा

६ आणि ७ जानेवारी २०२४ रोजी अखिल भारतीय मराठी नाट्य संमेलन आपल्या गावात भरले. तेही शंभरावे. पहिले संमेलन १९०५ साली मुंबईत दादासाहेब खापर्डे यांच्या अध्यक्षतेखाली झाले होते. शंभराव्याची सुरुवात खरे तर मार्च २०२० मध्ये सांगलीहून व्हायची होती. विष्णुदास भावे यांनी १८४३ साली तिथेच 'सीतास्वयंवर' केले, म्हणून सांगलीचा मान. पण टाळेबंदी आली, नाट्यगृहांना कुलपे लागली आणि निवडलेले अध्यक्ष जवळजवळ चार वर्षे नुसते नियोजित अध्यक्षच राहिले. ते अध्यक्ष म्हणजे डॉ. जब्बार पटेल.

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने 'संमेलनाविषयी काहीतरी लिही' असे सांगितले, तेव्हा मंडपाचे आणि भाषणांचे वर्णन लिहिणे सोपे होते. ते वर्तमानपत्रांत येऊन गेले आहे. मला त्या अध्यक्षांच्या नावामागचा इतिहास जास्त महत्त्वाचा वाटतो. आपल्या बॅचमधले निम्मे लोक कारखान्यांत गेले आणि त्यातल्या काहींनी नोकरी सांभाळून नाटक केले. हा इतिहास अशाच, नोकरी सांभाळून नाटक करणाऱ्या माणसांचा आहे.

राज्य नाट्य स्पर्धा १९५४ साली सुरू झाली. सरकारी स्पर्धा म्हटले की आपण जरा नाक मुरडतो, पण या स्पर्धेने मराठी रंगभूमीला एक फार व्यवहारी गोष्ट दिली. ती म्हणजे तारीख. हौशी संस्थेचे नाटक एरवी 'बघू, दिवाळीनंतर' यातच अडकून पडते. स्पर्धेत तसे चालत नाही. प्रवेशिका भरली की संहिता ठरवावी लागते, लेखकाची परवानगी घ्यावी लागते, रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचे प्रमाणपत्र मिळवावे लागते. मग वेळापत्रक लागते आणि एका संध्याकाळी रंगमंच आपल्या हाती येतो. त्याच दिवशी नेपथ्य लावायचे, दिवे जुळवायचे, जमलीच तर एक धावती तालीम करायची, रंगभूषेला बसायचे. तिसरी घंटा झाली की मागे फिरणे नाही. पडदा पडल्यावर रात्रीतून सगळे उतरवून टेम्पोत भरायचे, कारण दुसऱ्या दिवशी दुसरा संघ येणार असतो. ज्याने हे एकदा केले आहे त्याला हे समजावून सांगावे लागत नाही, आणि ज्याने केलेले नाही त्याला कितीही सांगितले तरी त्यातली धांदल कळत नाही.

या तारखेच्या धाकाने मराठीतली निदान दोन मोठी नाटके उभी राहिली. दोन्ही विजय तेंडुलकरांची. पहिले 'शांतता! कोर्ट चालू आहे'. 'रंगायन'ला स्पर्धेसाठी नाटक हवे होते. पार्ल्यात अभिरूप न्यायालयाचा कार्यक्रम करायला निघालेल्या एका हौशी मंडळीची गाठ तेंडुलकरांशी पडली होती, आणि त्यांच्या आपापसातल्या बोलण्यातून त्यांना या नाटकाची कल्पना सुचली. अरविंद देशपांडे दिग्दर्शक, सुलभा देशपांडे बेणारेबाई. शेवटचे ते गाजलेले स्वगत दिग्दर्शकाने हट्ट धरला म्हणून लिहिले गेले. २० डिसेंबर १९६७ रोजी मुंबईत रवींद्र नाट्यमंदिरात प्रयोग झाला. पुढे हे नाटक देशातल्या अनेक भाषांत गेले.

दुसरे 'घाशीराम कोतवाल'. इथे जरा थांबले पाहिजे.

पुण्याची प्रोग्रेसिव्ह ड्रामॅटिक असोसिएशन, म्हणजे पीडीए, ही १९५१ साली भालबा केळकरांनी उभी केलेली संस्था. तिच्यातल्या तरुण मंडळींनी 'घाशीराम' हाती घेतले. ही मंडळी कोण होती? जब्बार पटेल बालरोगतज्ज्ञ. पुढे दौंडला त्यांनी दवाखाना चालवला. मोहन आगाशे मानसोपचाराचे डॉक्टर. सतीश आळेकर बी. जे. मेडिकलमध्ये जीवरसायनशास्त्रात. पूर्णवेळ नट कोणीच नाही. तालमी अर्थातच कामाचा दिवस संपल्यावर. आपल्याकडे 'हौशी' हा शब्द जरा कमीपणाचा मानतात. तो तसा का मानावा हे मला आजवर समजलेले नाही.

नाटकाचा विषय पेशवाईतला. नाना फडणवीसांच्या काळात घाशीराम सावळदास पुण्याचा कोतवाल होता. १७९१ साली कोंडून ठेवलेले ब्राह्मण एका रात्रीत गुदमरून मेले, लोक खवळले आणि घाशीरामाला दगडांनी ठेचून मारले गेले. मोरोबा कान्होबांनी त्याच्यावर १८६३ सालीच एक पुस्तक लिहिले होते. तेंडुलकरांनी मात्र त्या घटनेतून सत्तेचे यंत्र दाखवले. सत्ताधारी आपल्या सोयीसाठी एखाद्याला मोठा करतो आणि नकोसा झाला की लोकांच्या हवाली करतो. हे ऐतिहासिक नाटक नव्हे, असे त्यांनी सांगून ठेवले होते. त्यांचेच 'सखाराम बाइंडर' त्याच वर्षी परिनिरीक्षण मंडळाच्या कात्रीत आणि मग न्यायालयात अडकले होते, त्यामुळे पुढे काय वाढून ठेवले असेल याचा अंदाज सगळ्यांना असणारच.

पण गाजलेल्या वादापेक्षा मला त्या प्रयोगाची बांधणी जास्त सांगावीशी वाटते. रंगमंचावर वाडा नाही, दालन नाही, कमान नाही. बारा ब्राह्मणांची एक ओळ उभी. तीच भिंत, तोच पडदा. ओळ पाठ फिरवते आणि आतले बाहेरचे होते. ओळ फुटते आणि पुण्याचा रस्ता होतो. पुन्हा जुळते आणि मागे चाललेले काही दिसेनासे होते. सुरुवात दशावतारी खेळासारखी, गणपती-सरस्वतीच्या नाचाने. मग कीर्तन, अभंग, लावणी, सगळे एकात एक मिसळत जाते. भास्कर चंदावरकरांचे संगीत, कृष्णदेव मुळगुंदांची नृत्यरचना. लेखकाच्या कागदावरची कल्पना पायांच्या ठेक्यात आणि गळ्यात उतरवायची, तीही नोकरदार मुलांकडून. या कामाला किती तालमी लागल्या असतील याचा विचार तालीम केलेल्यांनी करावा.

१६ डिसेंबर १९७२ रोजी भरत नाट्य मंदिरात स्पर्धेसाठी पहिला प्रयोग झाला. ज्या पुण्याविषयी नाटक, त्याच पुण्यात, सदाशिव पेठेत! आक्षेप यायचे ते आलेच: नाना फडणवीसांची बदनामी, ब्राह्मणांची बदनामी. १९ प्रयोगांनंतर संस्थेच्या अध्यक्षांनी, म्हणजे भालबांनी, प्रयोग थांबवले.

या निर्णयाकडे केवळ भित्रेपणा म्हणून पाहू नये असे मला वाटते. वीस वर्षे जिवापाड जपलेली संस्था एका नाटकापायी मोडेल, अशी काळजी वडीलधाऱ्या माणसाला वाटू शकते. पण बहुतेक तरुण मंडळी बाहेर पडली. संस्थेचे नाव मागे राहिले, पाठीशी असलेली वडीलमाणसे मागे राहिली. २७ मार्च १९७३ रोजी त्यांनी 'थिएटर अकॅडमी' स्थापन केली आणि जानेवारी १९७४ मध्ये 'घाशीराम' पुन्हा उभे केले. त्याच वर्षी आळेकरांचे 'महानिर्वाण'ही आले. एका नाटकावरून संस्था फुटली आणि पुण्याच्या रंगभूमीला एकाऐवजी दोन संस्था मिळाल्या, असाही हिशेब मांडता येईल. त्या वेळी तो कोणी मांडला असता तर मात्र मार खाल्ला असता.

१९८० साली बर्लिनच्या महोत्सवाचे बोलावणे आले. 'आमची बदनामी परदेशात नको' म्हणून पुन्हा गदारोळ झाला. प्रकरण न्यायालयापर्यंत गेले. अखेर मंडळी निघाली आणि बर्लिनशिवाय युरोपातल्या इतर शहरांतही प्रयोग झाले. इथे त्या बारा जणांच्या भिंतीची व्यवहारी बाजू लक्षात येते. परदेशी महोत्सवात जाणाऱ्या संस्थेला सर्वांत जड पडते ते नेपथ्य. पेट्या, जहाज की विमान, त्याचे भाडे, तिथल्या रंगमंचाची मापे. 'घाशीराम'चे नेपथ्य स्वतःच्या पायांनी विमानात चढले. मराठी न कळणाऱ्या माणसालाही ती भिंत कळत होती. तेंडुलकरांनी ती काही बर्लिनसाठी लिहिली नव्हती. पण गरिबीतून किंवा हट्टातून काढलेली तोड कधी कधी फार लांबचा प्रवास करते.

जर्मनीशी जुळलेला हा धागा पुढे आगाशे यांनी तुटू दिला नाही. बर्लिनच्या ग्रिप्स थिएटरची पद्धत, म्हणजे मोठ्या नटांनी लहान मुलांच्या भूमिका करायच्या आणि मुलांचे खरे प्रश्न मांडायचे, ती १९८६ साली 'छान छोटे वाईट्ट मोठे'मधून पुण्यात आली. आपण तेव्हा शाळेत होतो. आपल्या स्नेहसंमेलनात मात्र अजून राक्षस, परी आणि शेवटी उपदेश हेच चालू होते. आपल्या सरांना ते नाटक दाखवायला न्यायचे होते, पण चाळीस मुलांना पुण्यात नेऊन रात्री परत आणायचे कसे, या प्रश्नावर गाडी अडली.

हाच आपल्या गावाच्या नाट्यइतिहासातला मुख्य प्रश्न आहे. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना आला, साठच्या दशकात मोठे वाहन कारखाने आणि एमआयडीसी. माणसे मराठवाड्यातून, खानदेशातून, कोकणातून, कोल्हापूर-साताऱ्याहून आली. त्यांच्यातले अनेक जण गावाकडचा तमाशा, दशावतार, भारूड अंगात घेऊन आले होते. १९७० मध्ये नगरपालिका झाली, १९८२ मध्ये महानगरपालिका. रस्ते आणि नळ आधी, रंगमंच मागून. बालगंधर्व रंगमंदिर १९६८ पासून पुण्यात होते, पण पिंपरीच्या माणसाला तिथले रात्रीचे नाटक म्हणजे शेवटच्या लोकलशी शर्यत. तिसऱ्या अंकात घड्याळाकडे पाहणारे प्रेक्षक आपल्याच घरात होते.

तरी नाटक झाले. ते मुख्यतः कामगारांनी केले. १९५३ च्या कायद्याने स्थापन झालेल्या महाराष्ट्र कामगार कल्याण मंडळाच्या नाट्यस्पर्धेने इथल्या अनेकांना पहिल्यांदा तोंडाला रंग लावला. तीन पाळ्यांमध्ये विभागलेला नटसंच एकत्र आणणे, हे दिग्दर्शनापेक्षा अवघड काम. नायक पहिल्या पाळीत, खलनायक दुसऱ्या, आणि प्रकाशयोजना पाहणारा रात्रपाळीला. सगळे भेटणार फक्त गुरुवारी, कारण भोसरी-पिंपरी पट्ट्याची साप्ताहिक सुट्टी गुरुवारची. त्यामुळे आपल्याकडच्या नाटकांच्या पूर्ण तालमी गुरुवारी व्हायच्या, आणि घरातला बाजारहाट, दळण, मुलांचा अभ्यास, सासुरवाडी हे सगळेही गुरुवारीच असायचे. प्रयोगाच्या दिवशी पाळी बदलून देणारा सहकारी हा त्या नाटकाचा खरा निर्माता. त्याचे नाव श्रेयनामावलीत कधी आले नाही. नेपथ्याच्या बाबतीत मात्र आपण पुण्याच्या पुढे होतो. ज्या संघात फिटर, वेल्डर आणि पेंटर आहेत, त्याचा जिना रंगमंचावर डगमगत नाही.

आज शहरात चिंचवडचे रामकृष्ण मोरे प्रेक्षागृह आहे, संत तुकारामनगरचे आचार्य अत्रे रंगमंदिर, भोसरीचे अंकुशराव लांडगे नाट्यगृह, पिंपळे गुरवचे निळू फुले रंगमंदिर आणि प्राधिकरणातले ग. दि. माडगूळकर नाट्यगृह. पुण्याला न जाता नाटक पाहता येते, करताही येते. म्हणूनच शंभराव्या संमेलनाला हे गाव यजमान म्हणून चालले. त्या दोन दिवसांत व्यासपीठावर मान्यवर होते, पण मागच्या दाराने खोकी आत नेणारी, केबल ओढणारी, 'साहेब, आमचा प्रयोग कधी?' असे विचारत फिरणारी मंडळीही होती. त्यांच्यातले काही कंपनीचे ओळखपत्र खिशात ठेवून आले होते. १९७२ सालचा एक हौशी दिग्दर्शक समोर अध्यक्षपदी बसला होता, हे त्यांच्यातल्या किती जणांना माहीत होते कोण जाणे.

अडचण आता दुसरीकडे सरकली आहे. कारखाने चाकणला गेले, बसगाड्या तळवडे आणि मोशीच्या कोंडीत अडकतात, आणि साडेसातची तालीम नऊला सुरू होते. कंत्राटी कामगाराला पाळी बदलून मागायचीही चोरी. गेल्या वर्षी चाकणच्या एका मुलाने मला संहिता वाचायला दिली. सात पात्रे, एक खोली, नेपथ्यात फक्त खुर्च्या. खुर्च्याच का, असे मी विचारले. तो म्हणाला, "काका, टेम्पोचं भाडं परवडत नाही. खुर्च्या नाट्यगृहातच मिळतात." त्यांच्या स्पर्धेचा प्रयोग मंगळवारी आला आहे. सातपैकी चौघांची रजा मंजूर झाली आहे, तिघांची बाकी आहे.