एक इंजिन की दोन? हलक्या विमानाच्या अभ्यासाची प्रस्तावना

नकाशावर यवतमाळहून मुंबईकडे सरळ रेघ ओढली, तर ती दारव्हा, वाशीम, जालना करत माळशेजच्या आसपास सह्याद्री ओलांडते. अंतर साधारण 570 किलोमीटर. चार आसनांचे सेसना 172 ते अडीच-पावणेतीन तासांत कापते. यवतमाळला धावपट्टी आहे. औद्योगिक विकास महामंडळाचा हा विमानतळ 2009 मध्ये नांदेड, लातूर, बारामती आणि उस्मानाबादबरोबर खासगी कंपनीकडे भाडेपट्ट्याने गेला. पण प्रवासी सेवा काही रुजली नाही. म्हणून जिल्ह्यातल्या एखाद्या डॉक्टरने किंवा जिनिंगवाल्याने स्वतःचे छोटे विमान घेण्याचा विचार केला, तर त्यात वावगे काहीच नाही. त्याला पहिला प्रश्न पडतो तो इंजिनांचा. या प्रश्नाचा नीट पाठपुरावा करणाऱ्याला हवामान, यंत्रशास्त्र, भूगोल आणि माणसाचा स्वभाव असे सगळेच शिकावे लागते. अशा प्रत्येक वाचकाचे इथे मनापासून स्वागत आहे.

प्रश्न जुना आहे. 15 ऑक्टोबर 1932 रोजी जे. आर. डी. टाटांनी कराचीहून जुहूला टपाल आणले ते एका इंजिनाच्या पुस मॉथमधून, दिवसाउजेडी. जानेवारी 1949 मध्ये रात्रीची टपालसेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रासहून निघालेली विमाने मध्यरात्री नागपुरात भेटत, थैल्या बदलत आणि परत फिरत. ती होती दोन इंजिनांची डाकोटा. काळोखात, खाली जंगल असताना इंजिन बंद पडले तर उतरणार कुठे, हा विचार तेव्हाही होता आणि आजही दुसऱ्या इंजिनाच्या बाजूचा सर्वांत भक्कम मुद्दा तोच आहे.

मात्र ‘दोन म्हणजे दुप्पट सुरक्षित’ हा हिशेब चुकीचा आहे, आणि तो का चुकतो हे समजणे म्हणजे निम्मा विषय समजणे. विमान नुसते हवेत टिकवायलाच बरीच शक्ती खर्ची पडते. त्यातून जी उरते तिच्यावर ते वर चढते. दोनपैकी एक इंजिन गेले की शक्ती निम्मी होते, पण चढण्याची क्षमता सुमारे 80 टक्क्यांनी घटते. शिवाय एकाच बाजूने ओढ लागल्यामुळे नाक मेलेल्या इंजिनाकडे वळू लागते. अशा विमानाच्या वेगदर्शकावर दोन खास रेघा असतात. निळी रेघ एका इंजिनावर सर्वांत चांगली चढाई देणारा वेग दाखवते. लाल रेघेच्या खाली वेग गेला, तर शेपटीचे सुकाणू पूर्ण दाबूनही विमान सरळ राहत नाही, ते कुशीवर उलटते. उड्डाणानंतरच्या काही सेकंदांत कोणते इंजिन गेले ते ओळखायचे, नाक खाली करून वेग राखायचा, मेलेल्या पंख्याची पाती वाऱ्याशी समांतर करायची. हे हाताला सवय असेल तरच जमते. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने 1979 मध्ये असे अपघात अभ्यासले. इंजिन बिघडून अपघात झालाच, तर त्यात प्राण जाण्याचे प्रमाण दोन इंजिनांच्या हलक्या विमानांत अधिक दिसले.

आता हेच गणित यवतमाळच्या मे महिन्यात मांडू. गाव समुद्रसपाटीपासून साधारण साडेचारशे मीटर उंच, आणि पारा 45 अंशांवर. तापलेली हवा विरळ होते. इंजिनाच्या आणि पंखांच्या लेखी विमान तेव्हा जमिनीवर असतानाच पाच हजार फुटांहून उंच असते. पायपर सेमिनोल हे प्रशिक्षणातले नावाजलेले दोन इंजिनांचे विमान. पूर्ण वजनात, एका इंजिनावर त्याची व्यवहार्य कमाल उंची आहे सुमारे 3,800 फूट. म्हणजे मे महिन्याच्या दुपारी पूर्ण भरलेल्या सेमिनोलचे एक इंजिन इथे उड्डाणानंतर लगेच गेले, तर उरलेले इंजिन त्याला वर नेऊ शकणार नाही. फार तर उतरण्याची घाई थोडी कमी करील. टर्बोचार्जर असलेल्या, जास्त शक्तीच्या विमानांची गोष्ट वेगळी. पण त्यांची किंमतही वेगळी.

एका इंजिनाच्या विमानाला भार खालच्या जमिनीवर टाकावा लागतो. सेसना 172 इंजिनाशिवाय दर हजार फुटांमागे अडीच-तीन किलोमीटर तरंगत जाते. माघ-फाल्गुनात तूर आणि पऱ्हाटी निघाल्यावर दारव्हा-वाशीमकडची शिवारे बऱ्यापैकी मोकळी असतात. तिथे जीव वाचण्याची शक्यता चांगली आहे. श्रावणात मात्र त्याच काळ्या मातीत पुढचे चाक रुतते आणि विमान नाकावर पालथे होते. पुसद-उमरखेडच्या डोंगराळ सागवनात तर कोणत्याच ऋतूत भरवसा नाही. त्यामुळे या जिल्ह्यात मार्ग आणि महिना ठरवल्याशिवाय इंजिनांची संख्या ठरवू नये, असे माझे ठाम मत आहे.

खर्चाचे थोडक्यात. सेमिनोलला इंजिने दोन, म्हणजे दर 2,000 तासांनी करायची मोठी दुरुस्तीही दोनदा, आणि पेट्रोल जवळजवळ दुप्पट. विमानाचे पेट्रोल, म्हणजे एव्हगॅस, मोजक्याच ठिकाणी मिळते. इंडियन ऑइलने ते देशात बनवून बाजारात आणले तेच 2022 मध्ये. डायमंड कंपनीच्या विमानांतल्या डिझेल इंजिनांना जेट इंधन चालते, हा त्यांचा मोठा फायदा. याच कंपनीची एका इंजिनाची डीए 40 आणि दोन इंजिनांची डीए 42 ही भावंडे गोंदियाजवळ बिरसीच्या प्रशिक्षण संस्थेत वापरली जातात. विदर्भातल्या अभ्यासकाने ती शेजारी-शेजारी उभी असलेली पाहावीत.

जो मालक दिवसा, उघड्या आकाशात, महिन्यातून दोन-चारदाच उडणार आहे, त्याने चांगले एक इंजिन घ्यावे आणि वाचलेला पैसा सरावावर खर्चावा. रात्री किंवा पावसाळ्यात नेमाने जाणे भाग असेल आणि दर सहा महिन्यांनी प्रशिक्षकाबरोबर एका इंजिनावर उडण्याची तयारी असेल, तर दुसरे इंजिन खरोखर कामाला येते.

पुढची प्रकरणे उघडण्याआधी एक काम करावे. मनात असलेल्या विमानाची चालन-पुस्तिका मिळवून तिच्यातला चढाईचा तक्ता काढावा, त्यात यवतमाळची उंची, 45 अंश तापमान आणि आपल्या कुटुंबाचे सामानासकट वजन घालावे. विमान दोन इंजिनांचे असेल, तर एका इंजिनावरचा तक्ता घ्यावा. जो आकडा येईल तो पहिल्या पानावर लिहून ठेवावा; पुढचे वाचन त्याच आकड्यावर बेतलेले आहे.