आयर्नमॅन शर्यतीत ‘ड्राफ्टिंग’ला शिक्षा का?

आयर्नमॅनमध्ये ३.८ किमी पोहणे, १८० किमी सायकलिंग आणि ४२.२ किमी धावणे सलग पूर्ण करायचे असते. हवाईतल्या कोना इथे त्यात लाव्हाच्या खडकांमधली उष्णता आणि जोरदार आडव्या वाऱ्यांची भर पडते. अशा वेळी पुढच्या सायकलच्या अगदी मागे राहिल्यास वाऱ्याचा विरोध कमी होतो आणि ताकद वाचते. हेच ड्राफ्टिंग.

शर्यत स्वबळावर पूर्ण करायची असल्याने हौशी स्पर्धकांना १२ मीटर अंतर राखावे लागते. ओव्हरटेक २५ सेकंदांत करावे लागते. नियम मोडल्यास निळे कार्ड मिळते आणि पेनल्टी टेंटमध्ये ५ मिनिटे थांबावे लागते. तीन निळी कार्डे मिळाल्यास स्पर्धक बाद होतो. थांबलेल्या काळातही घड्याळ चालूच असते. एकूण मुदत साधारण १७ तासांची असल्याने, काठावर असलेल्यांसाठी ही ५ मिनिटे निर्णायक ठरू शकतात.