सॉनिकचा बाप आणि शेअरबाजार

गेल्या शनिवारी गडमुडशिंगीला घरी गेलो होतो. माळ्यावर जुन्या सीड्या सापडल्या, एकीवर मार्करनं लिहिलेलं 'सॉनिक'. आतेभावाच्या कॉम्प्युटरवर आम्ही त्या निळ्या प्राण्याला तासन् तास पळवायचो. हेजहॉग म्हणजे काय ते कुणाला ठाऊक? आमच्या लेखी ते साळिंदर.

त्या साळिंदराच्या तीन बापांपैकी एक म्हणजे युजी नाका. जन्म १९६५, कॉलेजचं तोंड न पाहता १९८४ साली सेगा कंपनीत प्रोग्रॅमर. (आपण चार वर्षं सबमिशन्स लिहीत बसलो. असो.) १९९१ च्या सॉनिकचं चित्र नाओतो ओशिमाचं, लेव्हल्स हिरोकाझू यासुहाराच्या, पण पळवला तो नाकानं. मेगा ड्राइव्हचा प्रोसेसर जेमतेम साडेसात मेगाहर्ट्झचा. त्यावर पात्र चढउतारावरून, अगदी उलट्या गोलातूनही सुसाट न्यायचं! जमिनीच्या प्रत्येक तुकड्याचा कोन आधीच टेबलात भरून ठेवलेला, त्यावरून वेग ठरायचा. आजही बघितलं की हात जोडावेसे वाटतात.

२००६ मध्ये त्यानं सेगा सोडली, स्वतःची प्रोप कंपनी काढली आणि २०१८ ला स्क्वेअर एनिक्समध्ये गेला. तिथला त्याचा 'बालन वंडरवर्ल्ड' २०२१ मध्ये सपशेल आपटला. एप्रिल २०२२ मध्ये त्यानं जाहीर केलं की रिलीजच्या साधारण सहा महिने आधी आपल्याला दिग्दर्शकपदावरून काढलं, म्हणून आपण कंपनीला कोर्टात खेचलं होतं. अर्धवट गेम विकायला नको, असं त्याचं म्हणणं. डेडलाइनपायी कच्चा कोड प्रॉडक्शनला ढकललेल्या प्रत्येकाला ते पटलं असणार. मला तर फारच पटलं.

पण तोवर दुसरी गोष्ट घडून गेली होती. कंपनी 'ड्रॅगन क्वेस्ट टॅक्ट' हा गेम एमिंग नावाच्या छोट्या कंपनीकडून करून घेतेय हे नाकाला आतून कळलं होतं. २०२० मध्ये घोषणेआधीच त्यानं एमिंगचे दहा हजार शेअर घेतले, सुमारे २८ लाख येनचे. पुढे 'फायनल फँटसी ७'च्या एका मोबाइल गेमच्या वेळी एटीमचे १ लाख २० हजार शेअर, १४ कोटी ४७ लाख येनचे! नोव्हेंबर २०२२ मध्ये अटक, डिसेंबरमध्ये पुन्हा अटक. मार्च २०२३ मध्ये टोकियोच्या कोर्टात त्यानं गुन्हा कबूल केला.

७ जुलै २०२३ चा निकाल: अडीच वर्षं कैद, चार वर्षांसाठी स्थगित. दंड २० लाख येन. आणि वसुली सुमारे १७ कोटी १० लाख येन, तेव्हाच्या दरानं जवळपास दहा कोटी रुपये. एटीममधला नफा सरकारी वकिलांच्या मते दोनेक कोटी येन होता. मग इतकी वसुली कशी? तर तिथे नुसता नफा नाही, व्यवहारातून हाती आलेली अख्खी रक्कम धरतात. मुद्दलासकट सगळं गेलं.

आपल्याकडे सेबीचे २०१५ चे नियम आहेत, दंड किमान दहा लाख. 'ट्रेडिंग विंडो बंद' ही मेल त्यातलीच, जी मी आजवर न वाचता डिलीट करत आलोय. क्लायंटचं नवं प्रॉडक्ट आपल्याला जगाआधी कळतं, हे डोक्यातच येत नाही.

आतेभावाला फोनवर सगळं सांगितलं. तो म्हणाला, "बरं, ती सीडी चालते का बघ."

चालत नाही. लॅपटॉपला ड्राइव्हच नाही.