कंडराविकार, बॅले नर्तकांचा
पायाचा अंगठा वाकवणाऱ्या दीर्घ कंडरेला अतिवापराने होणारी इजा (⟶ कंडरा, बॅले). ही कंडरा आतल्या घोट्यामागच्या अरुंद बोगद्यातून तळपायाकडे जाते; बोटांच्या टोकांवर चढणे आणि गुडघे वाकवून खाली येणे यांच्या सततच्या आवर्तनांत ती तिथेच घासते. दुखणे टाचेजवळ असल्याने दोष अनेकदा टाचेच्या कंडरेवर जातो. एमआरआयने हा घोळ मिटेल, हे म्हणणे अपुरे आहे : कंडरेभोवतीचा द्रव वेदना नसलेल्या नर्तकांतही दिसू शकतो. घोट्यामागचे जादा हाड शोधायला ती प्रतिमा उपयोगी. निदानाचा मुख्य आधार मात्र प्रत्यक्ष तपासणीचा, म्हणजे दाबून धरलेला अंगठा वाकवताना घोट्यामागे उठणारी कळ. टोकावरचे नृत्य थांबवणे, भौतिकोपचार व तंत्रसुधारणा हे पहिले उपचार (⟶ भौतिकोपचार). कंडरेतच स्टेरॉइड टोचल्यास ती तुटण्याचा धोका असतो. या पहिल्या उपचारांनी न भागल्यास शस्त्रक्रियेने बोगदा मोकळा करतात.