चावडी कोणाची?



गांवाच्या चावडीवरचें बोलणें सहसा कागदावर उतरत नाहीं. परंतु गांवाचा बराचसा कारभार तेथेंच आकार घेतो. आज मी अशाच एका चावडीची हकीकत सांगणार आहें. ही चावडी कोणत्याहि एका गांवांत नाहीं, आणि तीवर जमणारीं माणसें परस्परांपासून हजारों मैल दूर असतात.

संगणकाची आज्ञावली लिहावी आणि तिची मूळ संहिता वाचावयास, सुधारावयास व वांटावयास सर्वांना मोकळी ठेवावी, या रीतीला ओपन सोर्स असें म्हणतात. या रीतीनें काम करणाऱ्या मंडळींना बहुधा एक कचेरी नसते. कोणी बर्लिनमध्यें असतो, कोणी पुण्यांत, कोणी ब्राझीलमध्यें. आणि कित्येक जण पोटाची नोकरी सांभाळून रात्रीं हें काम करतात. मग त्यांनीं एकमेकांशीं बोलावें कोठें?

या प्रश्नाचें एक उत्तर फिनलंडमधून आलें. १९८८ सालच्या ऑगस्ट महिन्यांत ओउलु विद्यापीठांत यार्को ओइकारिनेन यांनीं ‘इंटरनेट रिले चॅट’, म्हणजेच आयआरसी, सुरू केलें. रिले म्हणजे हातोहात निरोप पुढें देणें. आपण लिहिलेली ओळ एका सर्व्हरकडे जाते, तो ती शेजारच्या सर्व्हरला देतो, आणि पाहतां पाहतां त्या चॅनलवर बसलेल्या प्रत्येकाच्या पडद्यावर ती उमटते. १९९३ सालीं याचे नियम प्रसिद्ध झाले. त्यांत एका निरोपास ५१२ अक्षरचिन्हांची मर्यादा होती. सर्व्हरनें निरोप पोंचवावा एवढेंच. तो जपून ठेवणें हें त्याचें काम नव्हे. जो त्या वेळीं हजर नसे, तो त्या बोलण्याला मुके.

हा विसरभोळेपणा दोष खरा. परंतु त्यानेंच या मंडळींना एक शिस्त लावली. गप्पा चॅनलवर चालोत, निर्णय मात्र सर्वांना वाचतां येईल अशा ठिकाणीं लिहून ठेवावा, असा संकेत अनेक प्रकल्पांत रूढ झाला. अपाचे फाउंडेशनमध्यें तर असा दंडकच पडला कीं, जें मेलिंग लिस्टवर आलें नाहीं, तें घडलेंच नाहीं असें समजावें. यांत मोठा न्याय आहे. जे जागे होते त्यांनीं ठरवावें आणि पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूस निजलेल्यांनीं तें मुकाट्यानें मानावें, हें बरोबरीच्या नात्यांत कसें शोभावें?

या मंडळींची एके काळची सर्वांत मोठी चावडी म्हणजे फ्रीनोड. रॉब लेव्हिन यांनीं लिनक्स वापरणारांच्या मदतीसाठीं उघडलेल्या एका लहानशा चॅनलमधून ती वाढली. २००२ सालीं तिला हें नांव मिळालें. २००६ सालीं सायकलवरून जात असतां झालेल्या अपघातानें लेव्हिन वारले. पुढेंहि स्वयंसेवकांनींच तिचा रोजचा कारभार चालविला.

मग १९ मे २०२१ रोजीं त्यांतील बहुतेक स्वयंसेवकांनीं राजीनामे दिले. चावडीचा ताबा आपल्या संमतीवांचून एका खासगी मालकाकडे गेला, असें त्यांचें म्हणणें होतें. मालकपक्षास तें मान्य नव्हतें. त्याच दिवशीं बाहेर पडलेल्यांनीं लिबेरा चॅट ही नवी चावडी उघडली. थोड्याच दिवसांत, ज्यांच्या विषयओळींत लिबेराचें नांव होतें अशीं शेंकडों चॅनलें फ्रीनोडच्या चालकांनीं आपल्या ताब्यांत घेतलीं. उबुंटू, जेंटू, विकिमीडिया, ग्नू अशा मोठमोठ्या मंडळींनीं आपलें बिऱ्हाड लिबेरावर हलविलें. वीस वर्षांची वसती कांहीं आठवड्यांत उठली!

हें इतकें सहज कसें साधलें? चावडीवर त्यांची मिळकत नव्हतीच, म्हणून. संहिता दुसरीकडे होती, निर्णय दुसरीकडे लिहिलेले होते, आणि चावडीचे नियम कोणालाहि वापरण्यास मोकळे होते. मालकाच्या हातीं केवळ रिकामी इमारत उरली.

आयआरसीचे दोषहि लपविण्याजोगे नाहींत. नवख्याला तेथें प्रवेश अवघड वाटतो, आणि उपद्रवी माणसास आवरणेंहि कठीण जातें. याच कारणांस्तव मोझिलानें २०२० सालीं आपली आयआरसीची व्यवस्था बंद करून मॅट्रिक्स ही नवी पद्धति स्वीकारली. कित्येक प्रकल्प स्लॅकसारख्या कंपनीच्या सेवांकडे वळले. तेथें जुनें बोलणें जपून राहतें, शोधतां येतें, ही सोय मोठी आहे. परंतु २०२५ सालीं कुबरनेटीज या प्रकल्पाला, सवलत काढून घेतली जाणार असल्यामुळें आपलें जुनें संभाषण दिसेनासें होईल, अशी सूचना मिळाली. पुढें कंपनीनें तो निर्णय फिरविला खरा. तथापि घटकाभर सर्वांच्या ध्यानांत आलें कीं, आठवण ज्याच्या कोठारांत, किल्लीहि त्याच्याच कंबरेला.

म्हणून चावडी कोणाची, हा प्रश्न भांडण झाल्यावर विचारून भागत नाहीं. बोलावें कोठेंहि, पण जें जपावयाचें तें आपल्या घरीं लिहून ठेवावें. तेवढें ज्यांनीं केलें, त्यांना चावडी बदलतां आली आणि गांव मात्र मोडला नाहीं.